वास घेतला का?

चहा घ्या, गरम आहे तोवर. माझा कप असू द्या तिथंच. मी नंतर बघतो.

तर तुम्हाला मायक्रोलाइट घ्यायचंय. दोन माणसांचं, कापडी पंखांचं, पाठीमागं इंजिन असलेलं विमान. नांदेडहून इतक्या लांब निलंग्याला, पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरणाऱ्या एका मिस्त्रीकडं सल्ला मागायला आलात, म्हणजे तुम्हाला भागवतनंच पाठवलं असणार. त्यानं उडणं सोडलं, मीही सोडलं, आणि आता तो लोकांना माझ्याकडं पाठवतो. बरं आहे त्याचं.

सल्ला देतो. जुनं मशीन घेणार असाल तर इंजिनाआधी कापड बघा. उन्हात राहिलेलं कापड वरून नवं दिसतं आणि बोटानं दाबलं की फाटतं. दुपारी उडू नका. आपली काळी जमीन एकदा तापली की वरची हवा पातेल्यातल्या पाण्यासारखी उकळायला लागते. चढताना इंजिन बंद पडलं तर मागं वळू नका, समोर जे रान असेल त्यात उतरा. हे सगळं मला श्रीमंतदादांनी शिकवलं. एक गोष्ट मात्र त्यांनी सगळ्यात जास्त वेळा शिकवली आणि मी शिकलो नाही. ती सांगायची म्हणूनच तुम्हाला बसवून घेतलं.

श्रीमंतदादा किल्लारीच्या अलीकडचे शेतकरी. त्यांनी तुरीच्या रानाशेजारी मुरूम टाकून, रोलर फिरवून हजार फुटांची पट्टी केली होती. पत्र्याचं एक शेड, त्यात दोन मशीन, एक निळं, एक पिवळं. आम्ही तिघं. दादा, नांदेडचा औषध दुकानवाला भागवत, आणि मी निजामोद्दीन. दसऱ्यापासून होळीपर्यंत दर रविवारी सकाळी जमायचो. पावसाळ्यात ती माती बुटाला सोडत नाही, चाकाला काय सोडणार. गाव आम्हाला हसायचं आणि आम्ही वरून गावाला हसायचो.

उतरल्यावर दादांच्या घरून लक्ष्मीबाई वहिनी भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहाची किटली पाठवायच्या. पण चहा असा मिळत नसे. शेडमध्ये उलट्या ठेवलेल्या ड्रमाभोवती बसायचं आणि आज आपलं काय चुकलं ते सांगायचं. मग दादा पेला भरणार. 'लई वेगात आलो', 'वारा बघितलाच न्हाई', 'पट्टा बांधायचा इसरलो', काहीही. एखादा म्हणाला की आज काही चुकलं नाही, तर दादा हसत त्याच्या पुढ्यात माठातल्या पाण्याचा पेला ठेवायचे. "ज्याची चूक न्हाई त्यानं पाणी प्या." चार-पाच वर्षांत आमच्यापैकी प्रत्येकानं ते पाणी कधी ना कधी प्यायलंय. हसता हसता माणूस शहाणा व्हायचा. तसे रविवार मला आयुष्यात पुन्हा मिळाले नाहीत.

दादांचा दुसरा हट्ट पेट्रोलचा. हल्लीचं पेट्रोल पाणी पटकन धरतं. थंडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि आधी तेच इंजिनाकडं जातं. म्हणून उडण्याआधी टाकीच्या खालच्या तोटीतून थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढायचं. खाली पाणी, वर पेट्रोल, मधे रेघ दिसते. रेघ दिसली की उडायचं नाही.

"पण निजामभाई," दादा म्हणायचे, "बरणीत सगळंच पाणी आलं तर? रेघ कुठं दिसंल? डोळं फसतेत. नुसतं बघू नको. वास घे."

वॉकीटॉकीवर ते दर वेळी दोनच प्रश्न विचारायचे. पाणी बघितलं का? वास घेतला का?

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. एका रविवारी दादा पट्टीवर धावत होते आणि मला त्यांचं मागचं चाक डुगडुगल्यासारखं वाटलं. मी वॉकीटॉकीवर ओरडलो, थांबा, थांबा! दादा थांबले. चाक ठणठणीत होतं. झालं, भागवतला खाद्य मिळालं. सुशीला संपेपर्यंत तो मला 'थांबा मिस्त्री' म्हणत राहिला. दादाही हसले. मीही हसलो, पण आतून मला ते लागलं.

पुढच्या रविवारी मला जबर सर्दी होती. भागवत वाटेत होता, यायला उशीर होणार होता. दादा पट्टीच्या टोकाला निळ्या मशीनमध्ये बसून इंजिन गरम करत होते. तोटीतून बरणी मीच भरून आणली होती. ड्रमावर ठेवून पाहिली. एकदम स्वच्छ, रेघ नाही.

"निजामभाई, पाणी बघितलं का?"

"बघितलं दादा. एकदम साफ."

"वास घेतला का?"

माझं नाक पूर्ण बंद होतं. मी म्हणालो, "घेतला."

दीडशे फूट उंचीवर इंजिन थांबलं. समोरच्या उसात कोयत्यांची माणसं तोडणी करत होती, बायकापोरं होती. दादा त्यांच्यावर कसे उतरणार? ते मागं वळले. जे कधी करू नका म्हणून आम्हाला शिकवलं तेच त्यांना करावं लागलं.

चौकशीत टाकीत पाणी सापडलं. कागदावर आलं की वैमानिकानं इंधन तपासलं नाही. गावानं कागदाच्या वर दोन शब्द घातले. दुसऱ्याला शिकवायचा, स्वतः आळस केला. वहिनींनी ऐकलं. पुनमनं, त्यांच्या मुलीनं ऐकलं. मी तिथंच उभा होतो. मी काहीच बोललो नाही.

गेल्या डिसेंबरात पुनमचा फोन आला. ती लातूरला कॉलेजात शिकवते, उडायला वडिलांकडूनच शिकली. म्हणाली, "चाचा, पिवळं मशीन विकून राहिलो आम्ही. शेडपण काढणार. त्याआधी एक चक्कर मारायचीय मला. बाबांच्या पट्टीवरून. तुम्ही चेक करायला या, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाई."

भरवसा म्हणाली. मी स्कूटरवर हत्यारांची पेटी बांधली आणि गेलो.

सकाळचे सात वाजले होते. ऊन पडलं होतं, पण तुरीच्या रानात पांढुरकं धुकं गुडघ्याएवढं अडकून होतं. वारा अजिबात नव्हता. एरवी त्या रानात सकाळी होले घुमतात, त्या दिवशी तेही गप्प होते. शेड उघडलं तर उंदरांचा आणि जुन्या ऑइलचा वास आला. ड्रम तिथंच होता, त्यावर तीन पेले पालथे. फळीवर दोन वॉकीटॉकी. एकात पुनमनं नवे सेल घातले. दुसऱ्याचं सेलचं खोकं गंजून फुटलं होतं.

"हे मेलं," मी म्हणालो. "तू आपली टोकाला जाऊन थांब. मी बरणी बघतो आणि पांढरा रुमाल हलवतो. रुमाल दिसल्याबिगर निघायचं न्हाई."

"हाव चाचा."

टाकी तिनं परवाच धुऊन घेतली होती. पेट्रोल सकाळी किल्लारीच्या पंपावरून नवं आणलेलं. मी तोटीतून बरणी भरून घेतली आणि शेडमध्ये उजेडाला आलो. ती मशीन घेऊन टोकाला गेली.

बरणी ड्रमावर ठेवली आणि मला तिच्याकडं बघवेना. तुम्ही हसाल. पन्नाशीचा माणूस, बरणीला पाठ करून उभा होतो. तीच बरणी होती. दादा गेल्यावर मीच ती विसळून फळीवर ठेवली होती.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज वाढला. गरम करायचा आवाज वेगळा असतो, निघायचा वेगळा. हा निघायचा होता. रुमाल माझ्या खिशातच होता...

मी धावलो. कसा धावलो मला ठाऊक नाही. पट्टीच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि ओरडत राहिलो, थांब! थांब! पिवळं मशीन अंगावर येत होतं. पुढचं चाक माझ्यापासून दहा-बारा फुटांवर थांबलं.

"मरायचंय का चाचा?" पुनम हेल्मेट काढत ओरडली. "तुम्हीच निघ म्हणालात ना!"

"मी? कधी?"

"आत्ता. ह्याच्यावर. मला वाटलं, दुसरं चालू केलं तुम्ही." तिनं छातीवरच्या वॉकीटॉकीवर हात ठेवला. "मी सवयीनं विचारलं, पाणी बघितलं का. तुम्ही म्हणालात, बघितलं, एकदम साफ. मग मी म्हटलं, वास घेतला का... तुम्ही म्हणालात, घेतला." ती थांबली. माझ्याकडं निरखून बघायला लागली. "चाचा, तुमचा आवाज आता बरा हाय. मघाशी सर्दी झाल्यावाणी होता. नाक गच्च बंद..."

मी मुरमावरच बसलो.

नंतर तिनंच बरणी आणली. उन्हात धरली. स्वच्छ, रेघ नाही. वास घेतला. मलाही दिली. कसलाच वास नव्हता. तिनं ती मुरमावर ओतली. पेट्रोल असतं तर बघता बघता उडून गेलं असतं. ते तिथंच साचून राहिलं. धुतलेल्या टाकीत, नव्या पेट्रोलात, बरणीभर पाणी. कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही.

मग मी सांगितलं. सर्दीचं सांगितलं, 'घेतला' म्हणालो ते सांगितलं.

"म्हणजे बाबांनी इचारलं होतं?"

"हाव."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आणि दोन वर्षं लोक म्हणून राहिले की त्यांनी बघितलंच न्हाई. आईनं ते ऐकून घेतलं. मीपण खरं मानलं, चाचा. मी बाबांवर चिडले होते..." ती रडली नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग तिनं विचारलं, "अजून काही हाय का? असंल तर आत्ताच सांगा."

मी म्हणालो, "न्हाई."

ती उठली, शेडमध्ये गेली. थर्मास आणला होता तिनं. दोन पेले सरळ केले, पुसले. "चूक सांगितली तुम्ही," ती म्हणाली. "बाबा असते तर चहा दिला असता." माझ्या डोळ्यांदेखत तिनं चहा ओतला. आलं घातलेला, वाफ येत होती. माझ्या हातात पेला दिला.

पेला गार होता. मी आत पाहिलं, तर काठोकाठ स्वच्छ पाणी. समोर पुनम तिचा चहा फुंकून पीत होती. तिला काही दिसलं नाही. मी ते पाणी प्यायलो आणि निघून आलो.

तेव्हापासून हे असंच आहे. घरी बानो ओतते तोवर चहा असतो. माझा हात लागला की... तिला वाटतं मला साखर झाली म्हणून मी चहा सोडला. मी तसंच समजू दिलंय.

कारण तुम्ही ओळखलं असेल. पुनमला मी निम्मंच सांगितलं. उरलेलं आज तुम्हाला सांगतो, आतापर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही.

त्या रविवारी दादा 'निघतो' म्हणाले आणि मी बरणी बाहेर मुरमावर रिकामी केली. ओतलेलं सुकलं नाही, तिथंच साचून राहिलं. दादांचं मशीन नुकतं हललं होतं. अजून चाकं जमिनीवर होती. मी त्या डबक्याकडं बघितलं आणि मला कळलं. पक्कं कळलं. वॉकीटॉकी हातात होतं, अंगठा बटनावर होता. एकच शब्द म्हणायचा होता, मागच्या रविवारी म्हटलेला. आणि माझ्या मनात आलं की पुन्हा खोटं ठरलं तर? भागवत येईल, सुशीला संपेपर्यंत हसतील...

चार-पाच सेकंद होते. मी गप्प राहिलो. चाकं उचलली.

पुनमचा नंबर मी रोज काढतो. रिंग जायच्या आधी बंद करतो. तुम्ही नवखे आहात, उद्या नांदेडला परत जाल, म्हणून तुम्हाला सांगायला जमलं. वाटलं होतं, कुणालाही सांगितलं तरी चालत असेल.

आता तो माझा कप द्या इकडं. तुमच्यासमोर एकाच किटलीतून दोन्ही कप भरले होते ना? थांबा, मी हातात घेतो.

हं. आता बघा आत. नाही, नुसतं बघू नका. वास घ्या.