तिसरा प्याला

दर महिन्याच्या पंचवीस तारखेला गावच्या कलासंग्रहालयाची पत्रकं दुकानादुकानांत पोचवायची, हे काम तोमेबाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्या सकाळीही बर्फ तुडवत त्या इशीच्या मिठाईच्या दुकानात शिरल्या. पत्रकात नेहमीच्याच बातम्या होत्या. छपराची डागडुजी, मुलांचा शाईचित्रांचा वर्ग, आणि पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपासून देवळातल्या लग्नचित्रांचं प्रदर्शन.

ही लग्नं मेलेल्यांची. पोर बिनलग्नाचं गेलं की आईबाप त्याच्या लग्नाचं चित्र काढून देवळात टांगतात. जोडीदार मात्र मनानं रचलेला हवा. जित्या माणसाचा चेहरा काढला, तर मेलेला त्याला घेऊन जातो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पत्रकावर एका मेलेल्या तरुणाच्या लग्नाचं चित्र छापलं होतं. त्यातल्या रचलेल्या नवरीचा चेहरा बुरशीनं खाल्ला होता. तो तोमेबाईंनी नव्यानं रंगवला होता. कुठल्या शाळेत न जाता, नुसतं बघून तयार झालेला हात. त्याचा त्यांना भारी तोरा.

इशीनं पत्रक डोळ्यांजवळ धरलं. "अगं तोमे, लेकीचं जमवलंस नि आम्हाला पत्ताच नाही? नवरा देखणा आहे हो!"

"कुणाची लेक? काहीतरीच बरळतेस!"

"ही काय तुझी चिझुरु. हनुवटीवरच्या तिळासकट."

तोमेबाईंनी पाहिलं. बावीस वर्षं ज्या लेकीचं तोंड पुसलं, नाक पुसलं, तिचाच चेहरा त्यांच्या नकळत हातातून उतरला होता.

धापा टाकत त्या संग्रहालयात पोचल्या. तिथले प्रमुख निहेई चहा ओतत होते.

"चित्र खाली काढा."

"तोमेबाई, तीन हजार पत्रकं घरोघरी गेली. आणि देवळाची परवानगी..."

"तुमची लेक असती तर परवानगी मागत बसला असता का हो?"

निहेईंनी किल्ली काढली.

चित्राची फळी टेबलावर आली. जुन्या लाकडाचा वास, उदबत्तीचा वास, आणि त्यात साकेचा, तांदळाच्या दारूचा कोवळा, गोडसर वास. वधूवरांपुढे लग्नविधीचे तीन लाल प्याले काढलेले होते; तिसरा संपला की लग्न लागलं. तिन्ही काठोकाठ भरलेले. तोमेबाईंनी स्वतःच्या हातानं त्यांवरची धूळ टिपली होती.

आता दोन रिकामे होते.

त्यांनी सेंदाई शहरात लेकीला फोन लावला. "चिझुरु, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय! पण आई, गंमत सांगू? सकाळपासून दोनदा तोंडात साकेची चव आली. मी तर थेंबही घेतला नाही..."

"दार लावून बस. काही पिऊ नकोस. पाणीसुद्धा..."

मग त्यांनी लेकीचा चेहरा खरवडला आणि तिथं स्वतःचा रंगवला. विशीतला. भुवईवरचा व्रण, पुढचा तिरका दात, सगळं जसंच्या तसं.

"चूक माझी," त्या चित्रातल्या नवऱ्याला म्हणाल्या. "तेव्हा येईन ती मी. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

बाहेर बर्फ पडत होता. दोघं टेबलापाशी उभे राहिले.

"तोमेबाई... तो प्याला..."

तिसऱ्या प्याल्यातली साके काठावरून हळूहळू खाली उतरत होती. तोमेबाईंनी डोळे मिटले, जीभ टाळूला लावली आणि चवीची वाट पाहिली.

डोळे उघडले तेव्हा प्याला रिकामा होता. जीभ कोरडीच.

फोनशेजारी एक पत्रक पडलं होतं. त्यावरची चिझुरु तशीच होती, हनुवटीवरच्या तिळासकट. फक्त तिचे छापील ओठ ओले होते.

आणि फोन वाजू लागला.