चित्र सकाळचं होतं

भगवानराव फुलसावंगीचा, पऱ्हाटीवाला माणूस, म्हणजे कापूस पेरणारा. माझ्या बसण्याउठण्यातला. ही गोष्ट त्यानं मले एकदाच सांगितली, पोरहो, मंग पुन्हा कधी काढली नाही.

त्याचा पोरगा गोपाल दक्षिण ध्रुवाकडच्या, समुद्रकाठच्या ठाण्यात नोकरीले होता. तिथं हिवाळ्यात सूर्य निघत नाही. अंधारात डोळ्याले काय दिसणार? म्हणून अंधारातही पाहणाऱ्या उपग्रहाची चित्रं येत. समुद्रावरचा बर्फ कुठं जाड, कुठं फाटून राह्यला, ते पाहून गोपाल गाड्यांले वाट सांगे. दर रविवारी घरी फोन करे, तवा आपल्या इकडचे ढगही सांगे. पावसाच्या दग्यानं पऱ्हाटी लागोपाठ बुडून राह्यली होती, म्हणून बाप पोराच्या शब्दावरच पेरे.

२००९ साल. ज्येष्ठातली अमावास्या, सोमवार. दोन सरी पडून गेलत्या, गावात पेरणीची घाई. आदल्या दिवशी गोपालचा फोन आलाच नव्हता. म्हणून भगवानराव आपल्याच मनानं महागावले बियाणं आणाले गेलता. दुकानात गर्दी, निघता निघता अंधार पडला.

गावाअलीकडच्या पुलाजवळ गाडीच्या उजेडात कोणी उभा दिसला. एवढ्या उकाड्यात अंगात जाड लाल कोट.

गोपाल.

भगवानरावानं मोटरसायकल थांबवली. "कधी आला रे? सांगितलं काहून नाही?"

पोरगा मागं बसला. गाडी दबली. बापाच्या पाठीले गारठा लागला...

"पेरू नका, बाबा. ढग पोकळ हायेत."

"बरं. अन् तुझा बर्फ कसा हाये?"

गाडी पूल उतरली.

"चित्र सकाळचं होतं, बाबा. बर्फ त्याच्यानंतर फाटला."

भगवानरावानं हात मागं नेला.

मागं कोणी नव्हतं.

घरी माणसं जमलेली. गोपालची माय तानाबाई भिंतीले टेकून बसलेली. ठाण्यावरून फोन आलता. बर्फावर अडकलेल्या दोघांले आणाले गोपाल आदल्या दिवशी गेलता. ते दोघं वाचले. हा गाडीसकट खाली समुद्रात गेला. हाती काही लागलं नाही.

भगवानरावानं पेरलं नाही. लोक म्हणत, दुःखानं हात गळाले. मंग पावसानं तोंड फिरवलं, अन् गावाचं बियाणं मातीतच करपलं. याचं तेवढं शाबूत होतं. उशिरा पाऊस आला तवा त्यानं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकलं.

पण त्या रात्रीनंतरची सकाळ... मोटरसायकलची मागची सीट ओली होती. उन्हानं वाळली, तर तिच्यावर पांढरा थर आला. भगवानराव फडकं घेऊन गेला. तानाबाईनं त्याचा हात धरला. थरावर बोट टेकवलं, जिभेले लावलं.

खारट.