हेदरचा झाडू

लग्नात वाजवायला बोलावणं आलं होतं ते एर्लंडला. पण म्हाताऱ्याच्या छातीत आता तेवढा वारा उरला नव्हता. म्हणून स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनीच्या त्या टोकाच्या बेटावर बॅगपाइप घेऊन गेली त्याची सून, थोरा. तिची चार महिन्यांची रोना एर्लंडच्या हातात.

"ही वाजवणार?" नवरीची आत्या बेला दारातच म्हणाली. "अंगावर पाजणारी बाई! चर्चपर्यंत दम पुरेल का गं तुझा?"

"पुरवीन," थोरा म्हणाली, आणि लगेच तिची तिलाच शंका आली. सकाळपासून तिने बाळाची टोपी कितीदा नीट केली होती, देव जाणे.

बेटावरच्या वरातीची रीत ठरलेली. सगळ्यांत पुढे वाजवणारा, मागे नवरी, मग जोडीजोडीने सारं गाव. अगदी शेवटची जोडी हेदरच्या झुडपाच्या काटक्यांचा झाडू ओढत, वाट झाडत येते. म्हणजे पावलांचा माग काढत कोणी मागे लागत नाही.

"एक सांगतो," एर्लंड तिच्या कानाशी पुटपुटला. "पुढे चालणाऱ्याने मागे बघायचं नाही. माझ्या बापाने बघितलं नाही, मीही नाही."

"बघितलं तर काय होतं?"

"सांगायला कोणी बघितलंय कुठं!"

नवरीच्या घरून वरात निघाली तेव्हा भर दुपार होती, पण समुद्रावरून धुकं चढून आलं आणि कुंपणंसुद्धा दिसेनाशी झाली. बॅगपाइप खांद्यावर गरजत असला की मागे कोणी बोंब मारली तरी वाजवणाऱ्याला ऐकू येत नाही. थोराला मात्र ऐकू आलं.

सर्र... सर्र...

झाडूच तर आहे, तिने मनाला समजावलं. हल्ली तिला किटलीच्या शिट्टीतही बाळाचं रडणं ऐकू यायचं. असल्या कानांचा काय भरवसा! पण शेवटचा झाडू शेवटीच हवा ना? हा पुढे येत होता. सावकाश. एकेका जोडीला मागे टाकत... विझलेल्या चुलीसारखा, ओल्या काळ्या मातीचा वास आला. ओढ्यावरच्या पुलाशी तो आवाज थेट तिच्या टाचेला भिडला.

म्हणजे नवरीला ओलांडून. एर्लंडला ओलांडून. रोनाला...

फुंकनळी तोंडात, ओरडायचीही सोय नाही. मागे बघायचं नाही म्हणे! पोर कोणाची आहे मागे? तिने बॅगपाइपची मशक काखेत करकचून दाबली आणि ती गर्रकन वळली.

समोर नुसतं धुकं. ना नवरी, ना गाव. सर्र थांबली होती, तिच्या बुटांच्या पुढ्यातच.

थोरा मागे सरली नाही. त्या धुक्याच्या तोंडावर तिने नाचाची धून अशी फुंकली की गाल फाटावेत, आणि एक पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक...

धुक्यातून नवरीचा पांढरा झगा दिसला. मग चेहरे, टोप्या, हशा. रोना आजोबाच्या हातात टक्क जागी होती. ती आईकडे बघत नव्हती. आईच्या पायांजवळ बघत होती.

तिथून चर्चपर्यंत थोरा उलटीच चालली. सूर तुटू दिला नाही, पोरीवरची नजरही काढली नाही.

"उलटी चालत आलीस, बाई!" चर्चच्या दारात बेला कडाडली. "अपशकुन केलास!"

"पोर मागे होती माझी. बघणारच."

"एक तर हे लोक झाडू घरी विसरले, त्यात तुझं हे असं!"

"झाडू... कोणाकडेच नव्हता?"

"तेच सांगतेय ना!"

परतताना धुकं विरलं होतं. चर्चपासून पुलापर्यंत चिखलात सगळ्यांची पावलं होती. पुलापलीकडे, नवरीच्या घरापर्यंत, वाट गुळगुळीत झाडलेली.

घरी आल्यावर एर्लंड म्हणाला, "पुढच्या शनिवारचं लग्न... नको म्हणून कळवू का?"

"वाजवणार मी," थोरा म्हणाली. "रोनाला पोटाशी बांधून. आणि चालणार उलटीच. येऊ दे काय यायचं ते."

"हिला वाटेत खाली टेकवली नाही हं मी. शप्पथ."

"मी कुठे विचारलं?" म्हणत थोराने बाळाची दुलई सोडली.

पोरीला अजून कुशीवर वळतासुद्धा येत नव्हतं. तिच्या लोकरीच्या मोज्यांच्या तळव्यांना, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, काळा ओला चिखल घट्ट दाबून बसला होता.