बुजवलेली खिडकी

जरा सरकून बसा, आणि ते मोबाइल पालथे घाला. डोळ्यांवर उजेड येतो.

तुमचे पंखेवाले काका तुम्हाला माहीतच आहेत. म्हणजे माझा साडू, कोंदट घरांत हवा खेळवायचे पंखे बसवणारा. चार माणसं जमली की ज्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, तोच. आता तो लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. सातवा मजला असला तरी धापा टाकत चालत जातो, आणि तुम्ही पोरं त्याला हसता, "काका, वजन उतरवताय वाटतं!" वजन कसलं, बाबांनो. त्याने मला हे एकदाच सांगितलं. मी परत विचारलं नाही.

परवाच्या नोव्हेंबरातला दुसरा बुधवार. दिवेलागण होऊन गेली होती. पाच मजली बिल्डिंग, चौथ्या मजल्यावर एक शिक्षिका बाई, त्यांचे म्हातारे सासरे, एवढंच घर. बाईंनीच फोन केला होता.

"दादा, सकाळी उठलं की डोकं दगडासारखं होतं. सासऱ्यांना रात्री धाप लागते. बाथरूमच्या भिंतीवर काळी बुरशी आलीय, पुसली की आठवड्यात परत हजर."

हा गेला. बघतो तर घरभर खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या.

"ताई, हे घर आहे की लोणच्याची बरणी?"

"काय करू? समोरून रस्त्याची धूळ येते, मागून डक्टमधला वास येतो."

डक्ट म्हणजे काय, तर सगळ्या बाथरूमांच्या मागून तळापासून गच्चीपर्यंत गेलेली उभी पोकळी. घरातली कोंदट हवा तिथून वर निघून जायची. पण वरून पाऊस येतो, कबुतरं येतात म्हणून कमिटीने गच्चीवर तिच्या तोंडावर पत्रा टाकला होता, त्यावर विटा. मग वास कोंडला. वास कोंडला म्हणून प्रत्येकाने आपापली खिडकी बंद केली. आणि भरीस भर, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी गॅस गिझरचा धूर सोडायची नळी त्याच डक्टमध्ये काढलेली.

बाईंच्या बाथरूममधून डक्टमध्ये जायला गुडघाभर उंचीचं लोखंडी दार होतं. आत भिंतीत पायऱ्या ठोकलेल्या. कुठे काय तुंबलंय ते बघावं, मग गच्चीवर केवढा पंखा बसवायचा ते ठरवता येईल, असा याचा हिशेब. फोन बेसिनवर ठेवला, कपाळाला टॉर्च बांधला.

"ताई, पाच मिनिटांत आलो."

"या. तोवर मी खालून दूध आणते."

आत शिरून हा तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरला. तिथे आडव्या पाइपांवर गवत, चिंध्या, कबुतरांची घरटी, सगळा गठ्ठा अडकलेला. हा पाय रोवून ते उपसायला लागला. भिंतीपलीकडून बिल्डिंगचा संसार ऐकू येत होता. कुणीतरी गुळण्या करतंय. कुणाची टीव्हीवर मालिका. कुणी नवऱ्याला झापतंय. याला हसू येत होतं.

एवढ्यात वर दार वाजलं. आणि कडी सरकली.

बाईंचे सासरे. कानाने अधू. बाथरूममध्ये आले, दार उघडं दिसलं, वास आला. लावून टाकलं बिचाऱ्यांनी आणि गेले झोपायला.

"आजोबा! ओ आजोबा!"

हा वर चढला. दार ठोकलं, लाथा मारल्या. काही नाही. खाली तोंड करून ओरडला. टीव्ही चालूच. सगळ्या खिडक्यांवर काचा, काचांवर प्लास्टिक. ज्याला सगळ्यांचं ऐकू येत होतं, त्याचं कुणालाच ऐकू जाईना.

आणि खाली दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी आंघोळीला गेलं. गिझर भडकल्याचा आवाज झाला. भप्प.

गिझरच्या धुरातल्या त्या विषारी गॅसला वास नसतो. दिसत नाही. याला वाटलं, आपण दमलो. डोकं ठणकायला लागलं. मग ठणकायचं थांबलं. बरं वाटायला लागलं. चार पायऱ्या खाली येऊन हा पाइपावर टेकला. डोळे जड झाले. बाई येतीलच. तोवर जरा...

"झोपू नको."

अगदी कानाशी. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, घोगरा.

याला हायसं वाटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी ऐकलं म्हणायचं!

"काका, मी पंखेवाला! अडकलोय. चौथ्या मजल्यावर सांगता का?"

खोकला आला. मग, "माझं कुणी ऐकत नाही."

"मग खिडकी तरी उघडा. हवा येऊ दे."

"उघडत नाही."

"मी बाहेरून ढकलतो. कुठेशी आहे?"

"ही काय... तुझ्या हाताखाली."

याने मान वळवून टॉर्चचा उजेड तिकडे टाकला. हाताखाली चौकट होती. चौकटीत विटा. त्यावर सिमेंट. चांगलं जाड, जुनं.

आवाज त्याच्या आतून येत होता.

हात काढून घ्यायचं सुचेना. विटा गार होत्या. पलीकडे कुणीतरी श्वास ओढत होतं... पुरत नसल्यासारखा.

"झोप गोड येते ना?"

याने डोळे ताणून उघडे ठेवले.

"मलाही आली होती. मी झोपलो."

...

"काका, म्हणजे त्या भिंतीत..."

थांब गं पोरी. गोष्ट चालू असताना मध्ये बोलू नको.

टॉर्च पिवळा पडला होता. याला ओरडायचं होतं, तोंडातून नुसती वाफ.

"पत्रा काढ," आवाज म्हणाला. "वर जा. पत्रा काढ."

हा चढला. कसा, ते त्याला आठवत नाही. एक पायरी. थांबला. आणखी एक. बाईंचं दार मागे पडलं. पाचवा मजला. हात घामाने निसटत होते. डोकं पत्र्याला लागलं. खांदा लावला. पत्रा हलेना. परत लावला. विटा करकरल्या. हलेना.

पाय सुटला.

आणि सुटलेल्या पायाखाली तळवा आला. माणसाचा. बोटं कळत होती त्याला, पाचही. अंगठा टाचेला रुतलेला.

तळव्याने वर रेटलं.

पत्रा उचलला गेला. विटा गच्चीवर धडाधड कोसळल्या. वर आभाळ. चांदण्या. हा कमरेपर्यंत बाहेर पडला आणि तसाच लोंबकळत मोठमोठ्याने श्वास घेत राहिला.

विटांच्या आवाजाने लोक धावले. बाई हातात दुधाची पिशवी घेऊनच गच्चीवर आल्या. याच्या तोंडून पहिलं निघालं, "गिझर बंद करा. आणि तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं?"

बाई म्हणाल्या, "कुणी नाही. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते. एकटेच. पत्रा काढा, पत्रा काढा म्हणून प्रत्येक मीटिंगमध्ये भांडायचे. आम्ही... कुणी मनावर घेतलं नाही. वैतागून त्यांनी वासापायी खिडकीच चिणून घेतली. त्याच थंडीत बाथरूममध्ये गॅसचा गिझर लावून आंघोळीला गेले, ते..."

बाई रडायला लागल्या. बाकीचे खाली बघत होते.

पत्रा परत बसला नाही. दुसऱ्या मजल्यावरचा गिझर दुसऱ्या दिवशी निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या मुलाला बोलावून घर उघडलं, भर दुपारी, दहा माणसांदेखत. विटा फोडल्या. मागे रिकामं बाथरूम, कोरडी बादली, धूळ. माझ्या साडूने तिथे आणि प्रत्येक मजल्यावर नवी जाळी बसवली. पंखा अजून यायचा होता. आला की जाळीतून हवा ओढली जाते का, हे कळावं म्हणून त्याने प्रत्येक जाळीपुढे पातळ कागदाची एकेक पट्टी लटकवून ठेवली.

वारा नव्हता. पहिल्या मजल्यावरची पट्टी सरळ खाली. दुसऱ्यावरची सरळ खाली. चौथ्यावरची, पाचव्यावरची, तशीच.

तिसऱ्या मजल्यावरची पट्टी जाळीला चिकटली. मग हळूच सुटून पुढे आली. परत चिकटली... परत पुढे आली. सावकाश. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.