पिराजी आजोबांची सरी

ही गोष्ट मी सांगायची नाही. खरं तर मी ऐकायचीही नव्हती. गल्लीतल्या म्हाताऱ्या बाबासो आण्णांनी सुरुवातीलाच पोरांना बजावलं होतं, "धैर्यशीलच्या पोरीच्या कानावर जाऊ देऊ नका." धैर्यशीलची पोरगी म्हणजे मी, क्रांती. त्या रात्री कोडोलीत लाईट गेली होती. आण्णा शेजारच्या कट्ट्यावर बसले होते आणि मी आमच्या खिडकीच्या आत, अंधारात.

आधी थोडं सांगते. पप्पा बरीच वर्षं कॅनडात आहेत. तिथं नजर जाईल तिथवर सपाट माळ आहे, गव्हाची शेतं, आणि हिवाळ्यात नुसता बर्फ. तिथल्या एका लहान गावात घर घेऊन आम्हाला न्यायचं, म्हणून त्यांनी वारणेकाठचं आमचं उसाचं रान चुलतभावाला, हंबीररावकाकांना, विकलं. विकायला पप्पा आले नाहीत. त्यांनी आईच्या नावानं वटमुखत्यारपत्र पाठवलं, आईनं सह्या केल्या, पेढे वाटले.

एक गोष्ट मात्र राहिली. आमच्या भावकीत रान दुसऱ्याच्या हाती जाताना देणारा आणि घेणारा दोघंही बांधावरच्या दगडापाशी जातात. तो दगड म्हणजे आमची गेलेली माणसं. तिथं नारळ फोडून मोठ्यानं सांगायचं असतं, की रान आता ह्याचं झालं. ते कुणी केलं नाही. माझे आजोबा, पिराजी, त्याआधीच वारले होते.

"तर यंदाची पौष अमावस्या," आण्णा म्हणाले. "त्या आठवड्यात शेतीची लाईट रातची हुती. हंबीरराव पाणी पाजायला निघाला. बायकोनं भाकरी बांधून दिली. बॅटरी घेतली, मोटर चालू केली. सगळं रोजच्यावानी."

"आण्णा, भूत कवा येणार?" राजवीरनं विचारलं.

"गप बस. तुझ्यासारखं आगाव नसतंय ते."

पोरं हसली. आण्णा हसले नाहीत.

उसाच्या ओळींमधली एक सरी पाण्यानं भरली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं, एवढंच काम असतं. पहिली सरी भरत आली तसे हंबीररावकाका उठले. तर तिचं तोंड आधीच बुजवलेलं. पुढचं फोडलेलं.

"त्याला वाटलं, झोपंच्या तारंत आपूनच केलं आसंल. परत बसला. दुसरी सरी... तीबी तशीच. बॅटरी मारून बघितलं. चिखलात उसाचा पाला घालून, वरनं डाव्या टाचंनं दाबलेलं. तसं दाबणारा गावात एकच माणूस हुता."

कुणी नाव विचारलं नाही. मी लहानपणी आजोबांच्या मागून त्याच सऱ्यांतून चालले आहे. मला नाव माहीत होतं.

"मग उसाच्या पल्याडनं खोऱ्याचा आवाज आला. खच्... खच्... वारं न्हाय. पान हलंना. हंबीरराव म्हणाला, कोण हाय?

आवाज थांबला.

मग... 'धैर्या आला व्हय रं?'"

कट्ट्यावरची पोरं आण्णांकडं सरकली.

"हंबीरराव म्हणाला, न्हाय काका. त्यो तिकडंच ऱ्हाणार. रान मी घेतलंय.

...

'मला कुणी सांगितलं न्हाय.'

...

'मग मी कुठं जाऊ?'"

मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं. गज गार होता.

"इथं चुकला बघा," आण्णा अगदी हळू म्हणाले. "काका, हितंच ऱ्हावा, उद्या नारळ फोडतो म्हणायचं की. ह्यो भ्यालेला गडी म्हणाला, पोरगा तिकडं हाय. तुमीबी तिकडंच जावा."

...

"झालं. परत आवाज न्हाय. सकाळी मोटरंच्या खोलीतलं पिराजीचं खोरं गायब. अजून सापडलं न्हाय."

"म्हंजे भूत व्हिसा काढून गेलं म्हणा की," सम्राट म्हणाला.

"तेवढं मला ठाव न्हाय. उठा, घरला जावा."

आण्णांना ठाऊक नाही. मला आहे.

त्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी पप्पांनी मला एक फोटो पाठवला होता. आईला नाही, मलाच. खाली लिहिलं होतं, 'इथली पोरं बघ कसले खेळ करतात.' रात्रभर बर्फ पडलेला. कुठं पाऊल नाही. आणि त्या कोऱ्या बर्फातून, माळावरून थेट नव्या घराच्या पायरीपर्यंत आलेली एक सरी. खोऱ्यानं ओढावी तशी. पायरीपाशी तिचं तोंड बुजवलेलं. काळ्या मातीनं.

मी फोटो मोठा करून बघितला. वर टाच उमटली आहे. डावी. मातीत उसाचा पाला आहे.

हिरवा.

पुढच्या महिन्यात आम्ही जाणार. आईनं चटण्यासुद्धा बांधून ठेवल्यात. आम्ही यावं म्हणून आजोबांनी ती सरी तिथं आणली, की येऊ नये म्हणून बुजवली, हे मला कळत नाही. नारळ घेऊन दगडापाशी जावं, तर तिथं आता ऐकायला कोण आहे?

"क्रांतेऽ, पप्पांचा व्हिडिओ कॉल आलाय! पळ लवकर, बर्फ बघ किती पडलाय!" आई खालून हाक मारतेय. जाते. पप्पांशी नीट बोलेन, पण लक्ष माझं त्या पायरीकडंच असणार आहे, आणि आजही तिथं जर सरी असलीच, तर तिचं तोंड फोडलेलं आहे की बुजवलेलं, एवढंच बघणार आहे.