मी येईपर्यंत

काम तसं साधंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडचा यूपीएस सकाळपासून मधूनमधून ओरडत होता, तो बघून यायचं. मामाचं दुकान हाती घेतल्यापासून अशी कामं तिच्या अंगवळणी पडली होती. बंद संगणक, घरघरणारे पंखे, मुके झालेले रेडिओ, जे येईल ते ती खोलायची, आणि बहुतेक वेळा ते पुन्हा चालूही व्हायचं.

या घरातला यूपीएस मात्र संगणकासाठी नव्हता. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन होतं, त्याची नळी काकूंच्या नाकाशी गेली होती, आणि ते मशीन या यूपीएसच्या डब्यावर चालायचं. दिवसभर ते सुस्कारे टाकत बसायचं, आणि त्या सुस्काऱ्यांवर काकूंचा जीव. राखीव सिलिंडर भरायला गेला होता, तो उद्या येणार होता.

डबा मामानेच निवडून दिलेला. काकांना लहानसा हवा होता, पण मामा हटून बसला. "वीज गेल्यावर हा किती वेळ धरेल?" असं काकांनी विचारल्यावर त्याने झाकणावर बोटाने दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "मी येईपर्यंत धरेल." गिऱ्हाइकांशी भांडायचा आणि मशीनचे लाड करायचा, असा तो माणूस. गेल्या हिवाळ्यात खोकत खोकत गेला.

तिने झाकण उघडलं तर बॅटरीचं पोट फुगलेलं, हात लावला तर चटका. असली बॅटरी घरात ठेवणं म्हणजे निखारा पदरात बांधणं. वीज असेपर्यंत बॅटरीवाचून काही अडत नाही, डबा भिंतीतली वीज घेतो आणि पुढे देतो. तिने बॅटरी काढून बरोबर न्यायला बाजूला ठेवली, सुट्या झालेल्या दोन तारांच्या टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि झाकण लावून स्क्रू आवळले. गिऱ्हाइकाच्या घरी मशीन उघडं टाकून उठायचं नाही, हे मामाने तिच्या डोक्यात पक्कं भरवलं होतं. हिरवा दिवा तसाच जळत राहिला.

"झालं का गं?" काकांनी विचारलं. त्यांना हल्ली डोळ्यांनी उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नसे.

"झालं. नवी बॅटरी घेऊन येतेच मी."

डबा आतून रिकामा आहे, वीज गेली तर काय करायचं, हे सांगायला हवं होतं. पण वीज कुठे जाते हल्ली, असं तिला वाटलं. आणि काकूंना उगाच कशाला घाबरवायचं.

दुकानात पोचेपर्यंत धुकं दाटून आलं होतं. दुपार कलते न कलते तोच रस्त्यावर संध्याकाळ झाली. दारात एक बाई चालू न होणारा संगणक घेऊन उभ्या होत्या. एवढं बघू आणि निघू, म्हणत तिने तो टेबलावर घेतला. एकेक भाग काढून, पुन्हा एकेक जोडून बघता बघता मेमरीची पट्टी सैल बसलेली सापडली. संगणक सुरू झाला, बाई खूश होऊन गेल्या, आणि तीही स्वतःवर खूश झाली.

तेवढ्यात दिवे गेले.

समोरची दुकानं गेली, रस्ता गेला, सगळी पेठ गेली. ती पुटपुटत टॉर्च चाचपू लागली, आणि तिचा हात टेबलावरच्या त्या फुगलेल्या बॅटरीवर पडला. तिने काकांना फोन लावला.

फोन लागेना. टॉर्च आणि नवी बॅटरी उचलून तिने दुकानाला कुलूप घातलं आणि स्कूटर काढली. पुलावर धुकं एवढं होतं की पुढचं चाक दिसत नव्हतं. कुठेतरी झाड पडून तारा तुटल्या होत्या, माणसं एकमेकांना हाका मारत होती. तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. मी येईपर्यंत धरेल. "मी येईपर्यंत," ती मोठ्याने म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

जिन्यात काळोख. जात्याच्या तळीएवढी जड बॅटरी छातीशी धरून ती चढत होती. प्रत्येक वळणावर थांबून कान द्यायची आणि काही ऐकू यायचं नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा आधी वास आला. सोल्डरिंग करताना राळ जळते, तो वास. ती तशीच उभी राहिली. हा वास फक्त तिच्या दुकानात यायचा.

मग आवाज आला. हळू, सावकाश.

सुस्स... धप्. सुस्स... धप्.

मशीन चालू होतं.

दार लोटलेलं होतं. आत मिट्ट काळोखात एकच हिरवा ठिपका. काका पलंगाच्या कडेला काकूंचा हात धरून बसले होते.

"आलीस का पोरी? बरं झालं. तुझा माणूस केव्हाचा बसलाय..."

"माझा... कोण माणूस?"

"वीज गेली, मशीन थांबलं. मी हिला हाका मारतोय, ही बोलेना. तेवढ्यात कोणीतरी आत आलं. डब्यावर दोन टिचक्या मारल्या, आणि झालं सुरू." काकांनी आवाज अगदी खाली आणला. "बोलत नाही गं काही. खोकतो तेवढा. खोकला... ओळखीचा वाटला मला."

तिने टॉर्च फिरवला. डब्याशेजारचं स्टूल रिकामं होतं.

"काका, त्यात बॅटरी नाहीये," ती म्हणाली. "मी काढून नेली होती. तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझीच आहे."

मशीनने सुस्कारा टाकला.

उघडावं तर बंद पडेल, न उघडावं तर हे कशाच्या जोरावर चाललंय कोण जाणे. तिने स्क्रू काढले. बॅटरीची जागा रिकामी होती. तिने गुंडाळलेली चिकटपट्टी नव्हती. दोन्ही तारा उघड्या, एकमेकींपासून दूर, ताठ उभ्या होत्या. धरून ठेवल्यासारख्या.

तिने नवी बॅटरी आत सरकवली आणि लाल तार धरली. तार उबदार होती. ओढली तर येईना. जरा जोर लावला तरी येईना. पलीकडून कोणाच्या तरी बोटांचा चिवटपणा तिला जाणवला, आणि मग तिची भीती एकदम ओसरली.

"मामा..." ती कुजबुजली. "सोड आता. मी आलेय... मी धरते."

तार सैल झाली. मग काळी तारही. तिने दोन्ही जोडल्या. सुस्काऱ्यात खंड पडला नाही.

पलंगावर काकू हलल्या. टॉर्चच्या उजेडात त्यांचे ओठ कोरडे दिसत होते, पण निळे नव्हते.

"गेला का गं तो?" त्यांनी विचारलं. "दमला होता बिचारा. पाणी तरी विचारायचं..."

काका रडता रडता हसले. वीज येईपर्यंत ती तिथेच, त्या स्टुलाला पाठ टेकून जमिनीवर बसून राहिली. बॅटरी काय करते, काय नाही, वीज गेली तर आधी काय करायचं, सगळं तिने काकांना सांगितलं आणि त्यांच्याकडून वदवूनही घेतलं. राखीव सिलिंडर सकाळी आपण स्वतः आणून देऊ असंही कबूल केलं. निघताना काकू शांत झोपल्या होत्या.

दुकानाचं कुलूप तिने लावलं तसंच होतं. आत शिरून तिने टेबलावरचा दिवा लावला. मामाला एक वाईट खोड होती. काढलेली चिकटपट्टी तो कधी टाकून द्यायचा नाही, उपयोगी पडेल म्हणून त्या दिव्याच्या कडेला चिकटवून ठेवायचा. त्याच्या जुन्या, धूळ बसलेल्या पट्ट्या काढायला तिचा हात कधी धजला नव्हता.

आज त्यांच्या शेजारी दोन नव्या होत्या. काळ्या, आणि तारेवर गुंडाळून वळलेल्या.

तिने बोट लावून पाहिलं. पट्ट्या अजून उबदार होत्या.