शब्बाथाच्या दुपारचा पाहुणा

शलेम्याहचं डोकं मागून पार फुटलं होतं.

म्हातारा जेवणाच्या चटईवर पालथा पडला होता. शेजारी काळ्या दगडाचा वरवंटा. त्याला रक्त, पांढरे केस आणि आणखी काय काय चिकटलं होतं. ते बघून कोतवालाबरोबर आलेला शिपाई तोंडावर हात दाबून बाहेर पळाला आणि अंगणात भडाभडा ओकला.

कोतवाल जब्दास ओकला नाही. अंत्युखियासारख्या शहराची कोतवाली करायची तर पोट घट्टच लागतं. पण हे घर त्याच्या ओळखीचं होतं. लहानपणी याच खोलीत, याच म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाच्या मांडीला मांडी लावून तो कितीदा जेवला होता. स्वतः जब्दास सुरियाच्या देवांना धूप घालणारा, हे यहुदी. पण पोरांच्या भुकेला कुठला आलाय देव!

बाहेर गल्लीत गर्दी गर्जत होती.

"भावाला खाणारा कुत्रा! बाहेर काढा त्याला!"

धाडकन एक दगड दारावर आदळला.

जब्दास गुडघ्यावर बसला. चटईवर दोन वाडगे होते. मसुराची आमटी, कालच शिजवून निखाऱ्यात पुरून ठेवलेली. शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, चूल पेटवायची नसते, म्हणून यहुदी बायाबापड्या शुक्रवारीच रांधतात. शलेम्याह येशूला मानणारा, तरीही शब्बाथ कडकडीत पाळणारा. एक वाडगा भाकरीने पुसून लख्ख केलेला. दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. त्याच्याशेजारची भाकर अख्खी. द्राक्षारसाचे दोन प्याले, एक रिकामा, एक भरलेला. आणि भरल्या वाडग्याजवळ पाण्याचा तांब्या, तळाला थेंब नाही.

जब्दासने नुसतं 'हं' केलं आणि तो अंगणात आला.

तिथे अंजिराच्या खोडाला योएजर बांधलेला होता. शलेम्याहचा धाकटा भाऊ, पेशाने भट्टीवाला. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला. रोमी शिपायांनी उजव्या हाताची दोन बोटं उलटी वाकवून मोडली होती. ज्या हाताने त्याने जन्मभर कणीक तिंबली, तोच हात.

"कबूल करत नाही हलकट," शताधिपती रुफिनस म्हणाला. हा रोमी अंमलदार पाण्याच्या घोटाइतक्या सहजतेने माणसं क्रुसाच्या खिळ्यांवर चढवायचा. "गर्दी बघितलीस? सूर्य बुडायच्या आत एक माणूस चढवला नाही, तर ही माणसं यहुद्यांची अख्खी आळी पेटवतील. मला आळी विझवत बसायची नाही."

"आणि खून याने केला नसेल तर?"

"दुसरा दे. सूर्य बुडायच्या आत. मला खिळ्यांचं काम, नावाचं नाही."

जब्दासच्या मस्तकात तिडीक गेली. पण रोमी माणसाशी भांडून काय होतं! दगडावर डोकं आपटल्याने दगड थोडाच फुटतो. त्याने योएजरच्या दोऱ्या सैल केल्या आणि झोळीतली भाकर पुढे धरली.

"खा थोडं. अंगात ताकद नाही तुझ्या."

"तुझ्या हातची? डुकराच्या चरबीतली?" योएजर रक्त थुंकला. "जब्द्या, मरायच्या दिवशी तरी नेम मोडायला लावू नकोस."

"शुक्रवारी भट्टीवर भावाला काय बोललास?"

"तोंड बंद नाही केलंस तर मीच बंद करीन, असं. सगळ्या बाजाराने ऐकलं. उद्या तो त्या येशूवाल्यांच्या मंडळीत बोलणार होता. आमच्या घरातली जुनी गोष्ट. मला नको होतं ते चव्हाट्यावर."

"आज दुपारी कुठे होतास?"

"सभास्थानातली प्रार्थना आटोपून घरी आलो नि झोपलो. एकटा. बायको लेकीकडे." त्याचा एकुलता उघडा डोळा भरून आला. "वरवंट्याने मारलं रे त्याला. आमच्या आईचा वरवंटा तो."

 जब्दास तिथून उठला.

विचारण्याजोगी माणसं दोन होती आणि दोन्ही ओसरीवर. अम्मिया ही लोकर रंगवणारी विधवा, तिच्याच घरी मंडळी जमायची. आणि फिलोगोन, मंडळीचा सेवक, गोरगरिबांना भाकरी वाटणारा, देवमाणूस म्हणून गल्लीत नावाजलेला. प्रेत सगळ्यांत आधी त्यानेच पाहिलं होतं. त्यानेच ओरडून गल्ली गोळा केली होती.

अम्मिया रडत होती आणि रडता रडता मधात मुरवलेले खजूर खात होती.

"दुःख झालं की मला भूकच लागते, कोतवाल. लाज वाटते, पण काय करू! फिलोगोना, तूही घे रे एक."

"नको माई. घास उतरत नाही."

 त्याचा अंगरखा छातीपासून गुडघ्यापर्यंत रक्ताने माखलेला. अम्मिया ओल्या फडक्याने त्याची पाठ पुसत होती. खांद्यावरून पाठीवर बारीक लाल थेंबांची ओळ उतरली होती, ती काही जाता जाईना.

"एवढं रक्त?" जब्दासने विचारलं.

"मी त्यांना छातीशी धरलं. वाटलं, अजून धुगधुगी असेल."

"आत आलास तेव्हा कोण होतं?"

"कोणी नाही. योएजर मात्र दारातून निघून चालला होता. लगबगीने."

"त्याच्याबरोबर तू जेवलास का आज? म्हाताऱ्याबरोबर?"

"मी? छे! मी आलो तेव्हा सगळं संपलं होतं."

जब्दास अम्मियाकडे वळला. "बाई, मी बाहेरचा माणूस. मला सांगा, उद्या म्हातारा असं काय सांगणार होता की लोकांचं पित्त खवळावं?"

"सुरुवात." तिने नाक पुसलं. "आमचा पंथ कुठून निघाला, यावरच तर सगळी मारामारी आहे हो! शलेम्याह म्हणायचे, येशू बाईच्या पोटी जन्मलेला माणूस, नियमशास्त्र पाळणारा यहुदी, देवाने निवडलेला. मी म्हणते माणूस खरा, पण देवही खरा. सभास्थानवाले म्हणतात, कसला आलाय देवाने धाडलेला अभिषिक्त, एक सुतार फुकट मेला. आणि नदीपलीकडे ते पोंतस प्रांतातल्या गुरूचे लोक आहेत ना, त्यांची तर तऱ्हाच निराळी."

"ती काय?"

"म्हणे तो जन्मलाच नाही! आभाळातून थेट मोठा होऊनच उतरला. म्हणे जग घडवणारा यहुद्यांचा देव वेगळा नि कुचका, आणि येशूचा बाप त्याहून वरचा. म्हणून त्या कुचक्या देवाच्या सणाला, दर शब्बाथाला, ही माणसं तोंड पाडून उपाशी बसतात. द्राक्षारसाला शिवत नाहीत, पाण्यावर भागवतात. हट्टच तो! यहुदी ज्या दिवशी गोडधोड खातो, त्या दिवशी यांचा उपास."

"तुमच्या मंडळीत कोणी आहे त्यांच्यातलं?"

"इश्श! मी उंबरा चढू देईन?"

पुन्हा दगड आला. या वेळी तो अंगणातल्या शिपायाच्या कपाळावर बसला आणि शिपाई कोसळला. गर्दीने जल्लोष केला. रुफिनसने तलवार उपसली.

"कोतवाल, पुरे झालं. तुळई आणायला सांगतो."

"थांब. सूर्य अजून भिंतीवर आहे." जब्दास उठला. "सगळे आत या. योएजरलाही आणा."

त्या खोलीत, प्रेतासमोर, सगळे उभे राहिले. योएजरने भावाला बघितलं आणि त्याच्या तोंडून बैलासारखा हंबरडा फुटला. 

जब्दासने भरलेला वाडगा उचलला.

"म्हाताऱ्याने आज पाहुणा जेवायला बसवला होता. स्वतः पोटभर जेवला, वाडगा पुसून काढला. म्हणजे दोघे बराच वेळ समोरासमोर बसले होते. पाहुण्याने एवढ्या वेळात तांब्याभर पाणी प्यायलं. पण आमटीला बोट लावलं नाही, भाकर मोडली नाही, द्राक्षारस ओठाला लावला नाही. मग म्हातारा पाठ फिरवून चटईवरचा चुरा गोळा करायला वाकला आणि मागून वरवंटा बसला."

"मग?" रुफिनस म्हणाला. "भावानेच खाल्लं नसेल. भांडण होतं ना!"

"योएजर माझी भाकर खात नाही, कारण मी धूप घालणारा. पण हे घर त्याच्या आईचं. इथलं अन्न नेमाचं. आणि शब्बाथाला उपाशी राहणं यहुद्याला पाप. भावावर कितीही चिडला असता, तरी घासभर खाऊनच भांडला असता. अम्मियाबाईंच्या पुढ्यात तर मसूर टिकलेच नसते."

अम्मियाने मान खाली घातली.

"शनिवारी भरल्या ताटावर बसून नुसतं पाणी पिणारा माणूस या शहरात एकाच पंथाचा." जब्दासने वाडगा फिलोगोनसमोर धरला. "सेवकबुवा, एक घास. वर एक घोट द्राक्षारस. एवढं केलंत तर मी तुमचे पाय धरून माफी मागीन."

"मी सांगितलं ना, घास उतरत नाही. दुःख..."

"ओकून टाका मागाहून. एका माणसाचा जीव वाचतोय."

फिलोगोनने वाडग्याकडे बघितलं. त्याने खोटी साक्ष दिली होती, म्हाताऱ्याचं डोकं फोडलं होतं, एका निरपराध्याला खिळ्यांकडे ढकललं होतं. सगळं करून चुकला होता. आता एका घासाचा काय तो प्रश्न. त्याने हात पुढे केला. बोटं आमटीत बुडाली. ओठांपर्यंत आली.

आणि तिथेच अडली.  हात खाली आला.

"अरे खा ना!" अम्मिया किंचाळली. "फिलोगोना, खा रे बाबा!"

"पाठीवरचे थेंब पुसताय ना, बाई?" जब्दास म्हणाला. "प्रेताला छातीशी धरलं की छाती भरते. पाठीवर थेंबांची ओळ उठते ती रक्ताळलेला वरवंटा पुन्हा पुन्हा डोक्यावर उगारला की. एका घावात भागलं नाही याचं."

फिलोगोनने वाडगा भिंतीवर फेकला. कमरेचा भाकरी कापायचा सुरा उपसून तो सरळ योएजरवर धावला. जब्दास मध्ये पडला. पातं त्याच्या तळहातातून आरपार गेलं. रुफिनसने तलवारीची मूठ फिलोगोनच्या जबड्यावर हाणली आणि दात चटईवर सांडले.

"हसला तो म्हातारा!" खाली दाबलेला फिलोगोन रक्ताच्या गुळण्या टाकत ओरडला. "मी जेवत नाही हे बघून त्याने ओळखलं मला. रागावला नाही, हसला! म्हणाला, खा रे पोरा, येशूही लहानपणी याच वेळेला जेवत असेल, आमच्या पणजीने भरवलंय त्याला. भरवलंय! माझ्या प्रभूला! नाळेचं, शेंबडाचं पोर करून टाकणार होता उद्या सगळ्यांसमोर!" त्याने जब्दासकडे डोळे वटारले. "तू मूर्तिपूजक. तो जन्मला काय नि उतरला काय, तुझं काय जातं?"

"माझं काहीच जात नाही," जब्दास हाताला चिंधी गुंडाळत म्हणाला. "तुमचा देव आईच्या पोटी आला की नाही, मला ठाऊक नाही. हा म्हातारा मात्र आला होता. त्याची आई मला ठाऊक आहे."

फिलोगोनला फरफटत नेलं. गर्दीला नावाशी देणंघेणं नव्हतंच. तिने त्याच्यावरही तेच दगड मारले, त्याच शिव्या दिल्या. आळी मात्र वाचली.

सूर्य बुडून शब्बाथ संपल्यावर शलेम्याहला आंघोळ घातली. योएजरचा हात चालत नव्हता, जब्दासचाही एक निकामी. दोघांनी मिळून दोन हातांनी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मियाच्या घरी मंडळी जमली. शलेम्याहची जागा रिकामी होती. तेवढ्यात दारातून योएजर आत आला, हात फळीला बांधलेला, तोंड काळंनिळं. जब्दास त्याला धरून उभा होता. लोक चपापले.

"मी तुमच्यातला नाही," योएजर म्हणाला. "तुमचा अभिषिक्त मी मानत नाही. यावरूनच भावाशी जन्मभर भांडलो. पण पणजी आम्हा दोघांची होती. तिने आजीला सांगितलं, आजीने आम्हाला."



"नासरेथात त्यांचं नि आमचं घर एका भिंतीचं. ते पोर एकदा आमच्या छपरावरून पडलं. हनुवटी फुटली. आईच्या नावाने भोकाड पसरलं, पण आई पाण्याला गेली होती. मग पणजीने जखमेत राख भरली, कडेवर घेतलं आणि आमटीत भाकर कुस्करून भरवली. तेव्हा कुठे गप्प झालं."

तो थांबला. पुढे काही असेल म्हणून लोक वाट बघत राहिले.

"संपलं," योएजर म्हणाला. "एवढंच सांगायचं होतं माझ्या भावाला."